विश्लेषण : शिरेतून तेल देऊन रुग्ण जगतो कसा? आर्विद व्रेटलिंड यांनी काय साधले?

अतिदक्षता विभागात सलाईनच्या बाटलीशेजारी कधी कधी दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची पिशवी टांगलेली दिसते. ते दूध नसते. पाण्यात एकजीव केलेले ते तेल असते आणि ज्यांचे आतडे काम करत नाही, अशा रुग्णांच्या जेवणाचा तो महत्त्वाचा भाग असतो. हे जेवण सुरक्षित करण्याचे श्रेय स्वीडनचे डॉक्टर आर्विद व्रेटलिंड (१९१९-२००२) यांना दिले जाते.

अडचण काय होती?

आतड्याची मोठी शस्त्रक्रिया यशस्वी होई, पण नंतर कित्येक दिवस रुग्णाच्या पोटात अन्न जात नसे. तो खंगत जाई, जखमा भरत नसत, जंतुसंसर्ग गाठे. आजारातून वाचलेला माणूस उपासमारीने दगावे. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून जेमतेम २०० कॅलरी मिळतात. या हिशेबाने दिवसाच्या २००० कॅलरींसाठी १० लिटर द्रव शरीरात सोडावा लागेल. ग्लुकोज दाट केले, तर हाताची शीर सुजते. एक ग्रॅम तेलात मात्र नऊ कॅलरी असतात, म्हणजे साखरेच्या दुपटीहून अधिक.

मग तेल का देत नसत?

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. रक्तात गेलेले तेलाचे मोठे थेंब फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या बंद करतात. सतराव्या शतकात कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल टोचण्याचा प्रयोग झाला, तेव्हा कुत्रा दगावला. विसाव्या शतकात अमेरिकेत सरकीच्या तेलाचे इमल्शन बाजारात आले. पण रुग्णांना ताप, कावीळ, रक्तस्राव असे त्रास होऊ लागले आणि १९६०च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. शिरेतून तेल देणे धोक्याचेच, असे तेथील अनेक डॉक्टरांचे मत झाले.

व्रेटलिंड यांनी वेगळे काय केले?

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत घडलेल्या व्रेटलिंड यांनी १९४०च्या दशकातच दुधातील केसीन या प्रथिनापासून शिरेतून देता येईल असे अमिनो आम्लांचे द्रावण तयार केले होते. प्रथिनांचा प्रश्न मार्गी लागल्यावर ते मेदाकडे वळले. जेवणानंतर आतड्यातून रक्तात येणारी चरबी सूक्ष्म थेंबांच्या रूपात वाहत असते. आपले इमल्शनही तसेच असावे, ही त्यांची दिशा होती. निरनिराळी तेले आणि त्यांना पाण्यात धरून ठेवणारे घटक त्यांनी प्राण्यांवर चिकाटीने तपासले.

अखेर सोयाबीनचे तेल, अंड्याच्या पिवळ्या बलकातील फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरॉल हे मिश्रण ठरले. फॉस्फोलिपिड प्रत्येक थेंबाभोवती आवरण तयार करते, त्यामुळे थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. ग्लिसरॉलमुळे द्रवाची तीव्रता रक्ताच्या जवळपास राहते. त्यामुळे हे इमल्शन हाताच्या शिरेतूनही देता येते. शल्यचिकित्सक ओस्कार शुबर्थ यांच्यासह केलेले संशोधन १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये ‘इंट्रालिपिड’ वापरात आले. त्याच्या २० टक्के तीव्रतेच्या अर्ध्या लिटरमधून सुमारे १००० कॅलरी मिळतात.

जगाने ते कधी स्वीकारले?

अमेरिकेत १९६८ च्या सुमारास स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून दाट ग्लुकोज व अमिनो आम्ले देऊन अर्भक वाढवून दाखवले. त्या आहारात मेद जवळपास नव्हता. असा आहार लांबला, की त्वचेला खपल्या येत, जखमा भरायला वेळ लागे. शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी मेदाम्ले बाहेरूनच मिळावी लागतात, हे रुग्णांच्या अंगावर दिसू लागले. म्हणजे तेल केवळ ऊर्जेसाठी नव्हते. अमेरिकेने १९७५ मध्ये इंट्रालिपिडला मान्यता दिली. आज ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि मेद एकाच पिशवीतून देण्याची पद्धत रूढ आहे.

आज त्याचे स्थान काय?

हे इमल्शन निर्धोक नाही. दीर्घकाळ केवळ सोयाबीन तेलाचे इमल्शन दिल्यास, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये, यकृताला इजा होऊ शकते. म्हणून मासळीचे, ऑलिव्हचे तेल वापरलेली नवी मिश्रणे आली. रक्तातील ट्रायग्लिसराइडवरही लक्ष ठेवावे लागते. आतडे चालत असेल, तर नळीने का होईना, पोटातूनच अन्न द्यावे, हा नियम कायम आहे.

व्रेटलिंड यांचे तंत्र मात्र आहारापलीकडे गेले. भूल देण्याचे प्रोपोफोल हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अशाच पांढऱ्या इमल्शनमधून देतात. शरीराचा भाग बधिर करणारे औषध रक्तात जास्त जाऊन हृदय थांबू लागले, तर हेच इमल्शन उतारा म्हणूनही वापरले जाते. वैद्यकीय पोषणाच्या युरोपीय संघटनेत व्रेटलिंड यांच्या नावाने व्याख्यान होते. आतडे निकामी झाले, म्हणून रुग्णाला उपाशी ठेवण्याची लाचारी त्यांच्या कामामुळे बऱ्याच अंशी संपली.