केळीच्या झाडाखालचा कवी आणि शरदातील पायवाट

जपानमध्ये शरद ऋतू अवतरला, की पर्यटकांची पावले क्योटोतील लाल मेपलवृक्षांकडे वळतात. हायकूला श्रेष्ठ काव्याचा दर्जा मिळवून देणारे कवी मात्सुओ बाशो यांनी मात्र १६८९ चा शरद घालवला तो जपान समुद्राकाठच्या आडबाजूच्या गावांत.

बाशो यांचा जन्म १६४४ मध्ये आजच्या मिए प्रांतातील इगा-उएनो येथे झाला. तरुणपणी ते तेथील एका सरदारपुत्राच्या सेवेत होते. काव्याच्या आवडीने धनी आणि सेवकाचे सूर जुळले होते. परंतु १६६६ मध्ये या धन्याचे अकाली निधन झाले. पुढे बाशो एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस गेले आणि काव्यगुरू म्हणून नावारूपाला आले. नदीपलीकडच्या त्यांच्या झोपडीपाशी एका शिष्याने केळीचे झाड लावले. जपानी भाषेत या झाडाला ‘बाशो’ म्हणतात. तेच कवीचे नाव झाले. १६८२ च्या आगीत ती झोपडी भस्मसात झाली. त्यानंतरच्या वर्षांत प्रवास हाच त्यांच्या आयुष्याचा गाभा ठरला.

१६८९ च्या वसंतात शिष्य सोरा याच्यासह ते उत्तरेकडे निघाले. सुमारे पाच महिन्यांत त्यांनी अंदाजे २४०० किलोमीटरचा मार्ग, बहुतांशी पायी, पार केला. शरद लागला तेव्हा ते पश्चिम किनाऱ्यावर होते. कानाझावात ज्या तरुण कवीला भेटण्याची ओढ होती, तो आदल्या हिवाळ्यातच वारल्याचे त्यांना कळले. यामानाका या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पोटाच्या विकाराने बेजार झालेला सोराही निरोप घेऊन पुढे गेला.

फुकुई येथे बाशो यांनी एका जुन्या स्नेह्याचे घर शोधून काढले. दुधी आणि घोसाळ्याच्या वेलांनी झाकलेल्या त्या साध्या घरात त्यांनी मुक्काम केला. मग दोघे मिळून त्सुरुगा बंदराकडे निघाले. आपल्या कोजागिरीप्रमाणेच जपानी माणसाला शरदातील पौर्णिमेचे अप्रूप असते. त्सुरुगाचा चंद्र तर विशेष ख्यातीचा. आदल्या रात्री आकाश निरभ्र होते. चांदण्यात न्हालेले केही देवस्थान त्यांनी पाहिले. ऐन पौर्णिमेला मात्र पाऊस पडला. बाशो यांनी हा विरस लपवला नाही. त्या पावसालाच त्यांनी काव्यात स्थान दिले. पुढे होडीने ते इरो या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले आणि तेथील चिमुकल्या गुलाबी शिंपल्यांत रमले.

आजच्या गिफू प्रांतातील ओगाकी या जलमार्गांच्या नगरीत यात्रा संपली. सोरासह शिष्य तेथे भेटले; परंतु थोड्याच दिवसांत बाशो नावेने इसेकडे रवाना झाले.

१६९४ च्या शरदात, प्रकृती खालावलेली असतानाही, शिष्यांमधील वाद मिटवण्यासाठी ते ओसाकास गेले. तेथेच आजारी पडून २८ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. बिवा सरोवराकाठी ओत्सु येथे त्यांची समाधी आहे. ‘ओकु नो होसोमिची’ हे त्यांचे प्रवासवर्णन १७०२ मध्ये, मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापले गेले.

बाशो यांच्या परंपरेतील हायकू शिरीष पै यांच्यामुळे मराठीतही रुजला. ओगाकीत आज या यात्रेच्या समाप्तीचे स्मारक-संग्रहालय आहे. इगा-उएनोत दरवर्षी १२ ऑक्टोबरला बाशो उत्सव भरतो. क्योटोच्या गर्दीत न शिरता जपानचा शरद अनुभवू पाहणाऱ्यांसाठी तीन शतकांपूर्वीची ही वाट आजही खुली आहे.