न दुखणारी टाच आणि कायम दुखणारी पाठ : बाबा आमटे

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं, दुपारी पुन्हा तेच. टाचदुखी ज्यांनी सोसली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. मऊ चपला, पोटऱ्या ताणायचे व्यायाम, गोळ्या हे सगळं करून महिनोन्‌महिने फरक पडला नाही, की डॉक्टर इंजेक्शनचा विषय काढतात. टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा एक जाड पट्टा तळव्यात असतो. तो जिथे हाडाला चिकटतो तिथे स्टेरॉइड टोचलं, की दुखणं काही आठवडे किंवा काही महिने कमी होतं. फार वेळा टोचलं तर तो पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर हात राखूनच ते देतात.

यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टाचेत सुई घालणं इतकं दुखतं, की बरेच डॉक्टर आधी घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाकडे जाणारी नस औषधाने बधिर करतात. तळवा काही तास मुका होतो आणि मग टाचेतली सुई जाणवत नाही.

कुष्ठरोग नेमकी हीच नस गाठतो. फरक एवढाच, की डॉक्टरांची बधिरता संध्याकाळपर्यंत उतरते आणि कुष्ठरोगाची बहुतेकदा उतरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात एका वकिलाचं आयुष्य अशाच न दुखणाऱ्या हातापायांनी बदलून टाकलं.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जहागीरदाराचं, वडील सरकारी अधिकारी. बाबा हे लहानपणापासूनचं घरातलं नाव, पुढे मिळालेली पदवी नव्हे. शिकारीची बंदूक आणि सिनेमाचा शौक असं सगळं असलेला हा मुलगा वकील झाला आणि वरोऱ्यात वकिली करू लागला. 1942 च्या चळवळीत पकडलेल्या लोकांचे खटले त्यांनी चालवले. रेल्वेच्या डब्यात एका मुलीला त्रास देणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले. ते ऐकून गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटलं, असं सांगतात. 1946 मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचं लग्न झालं, आणि महाराष्ट्र त्यांना साधनाताई म्हणून ओळखू लागला.

वरोरा नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना मैला वाहणाऱ्यांची हालत कळावी म्हणून बाबांनी स्वतः डोक्यावर पाट्या वाहिल्या. त्या कामात असताना, पावसात, रस्त्याच्या कडेला त्यांना एक माणूस पडलेला दिसला. हाताची बोटं झडलेली, जखमांमध्ये किडे. त्याचं नाव तुळशीराम. बाबा घाबरले आणि तिथून निघून गेले. सैनिकांना न घाबरलेला माणूस एका मरणपंथाला लागलेल्या रोग्याला घाबरला, ही गोष्ट त्यांना घरी बसून सहन होईना. ते परतले, तुळशीरामला आडोसा केला, खाऊ घातलं, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम फार जगला नाही.

जखमेत किडे पडेपर्यंत माणूस गप्प कसा राहतो, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर त्या मुक्या नसांमध्ये आहे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. हा जंतू अतिशय संथ वाढतो, त्याला शरीराचे थंड भाग आवडतात, आणि तो नसांमध्ये घर करतो. नस मेली की त्या भागातल्या वेदना जातात, घाम जातो. घाम नाही म्हणून टाचेची कातडी कोरडी पडते, भेगा पडतात. भेगेत खडा शिरला तरी कळत नाही. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. तुमच्या आमच्या पायाला फोड आला तर आपण लंगडतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो, आणि त्या लंगडण्यामुळेच फोड बरा होतो. मुका पाय लंगडत नाही. तो त्याच जखमेवर रोज मैलोन्‌मैल चालतो.

बोटं रोगानेच झडतात असं शतकानुशतकं सगळे मानत आले. ते तसं नाही हे दाखवणारा माणूसही 1914 सालीच, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मला होता. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक 1946 पासून वेल्लोरला काम करत होते. रुग्णांच्या हातापायांचं नुकसान जंतूमुळे थेट होत नाही, वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्यातून आणि दाबातून होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे वेदना ओळखणारी यंत्रं हातमोज्यात आणि बुटात बसवून पाहण्याचा प्रयोगही त्यांनी केला. तो फसला. इशारा त्रासदायक झाला, की माणसं यंत्रच बंद करायची.

वरोऱ्याचे बाबा मात्र या वेळी सुई धरायला शिकत होते. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि बाबा कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. वकिलाने डॉक्टरांच्या वर्गात बसायचं, हेच विचित्र. पण वेळ मोठी मोक्याची होती. तोवर कुष्ठरोगावर इलाज म्हणजे चालमोगराच्या बियांचं तेल. ते तेल स्नायूत किंवा कातडीखाली टोचत, ते दुखायचं, गाठी यायच्या, आणि एवढं सोसून गुण येईलच याची खात्री नव्हती. 1941 मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथे सल्फोन गटातल्या औषधाची इंजेक्शनं रुग्णांना देऊन पाहिली गेली आणि प्रथमच खरा गुण दिसला. त्यातूनच डॅप्सोन, म्हणजे डीडीएस, वापरात आलं. ते आधी सुईने देत, नंतर स्वस्त गोळीच्या रूपात आलं. बाबा शिकून परतले ते हे ज्ञान घेऊन.

कलकत्त्यातली एक घटना बाबांच्या चरित्रात नेहमी येते. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढतच नाही. आजही वाढत नाही. औषधं तपासायची तर जंतू हवेत, आणि जंतू तर फक्त माणसाच्या शरीरात मिळायचे. अशा वेळी बाबांनी आपलं शरीर प्रयोगाला देऊ केलं आणि ते जंतू स्वतःला टोचून घेतले. तेव्हा घरी साधनाताई आणि दोन तान्ही मुलं होती, हे लक्षात घेतलं तर या धाडसाचं कौतुक करताना जरा अडखळायला होतं. बाबांना रोग झाला नाही. आज त्याचं कारण ठाऊक आहे : बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती असते. स्पर्शाला घाबरून ज्यांना गावाबाहेर काढलं जात होतं, त्यांचा रोग सुईने आत घातला तरी सहज लागत नव्हता. विज्ञानाची अडचण 1960 मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी सोडवली. त्यांनी हे जंतू उंदराच्या तळपायात वाढवून दाखवले. तळपायच का, तर तो थंड असतो.

1951 च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. सरकारने दिलेली पन्नास एकर जमीन म्हणजे खडक आणि झुडपं, त्यात विंचू आणि साप. सोबत बायको, दोन मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, हा हिशेब महाराष्ट्राला पाठ आहे. पाण्यासाठी विहीर खणायची होती आणि खणणाऱ्यांच्या हातांना बोटं पुरी नव्हती.

इथे एक पेच होता, आणि तो आनंदवनाच्या गौरवात सहसा हरवतो. बाबांना रुग्णांना भीक नको, काम द्यायचं होतं. पण कुदळ मारणं आणि उघड्या पायांनी खडकावर चालणं हेच मुक्या हातापायांना सर्वांत घातक. म्हणजे काम द्यायचं तर रोजची निगाही तितकीच कडक हवी. जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, पाय पाण्यात भिजवून तेल लावायचं, आणि दुखत नाही म्हणून तळवा डोळ्यांनी तपासायचा. पुढे सच्छिद्र मऊ रबराच्या चपला आल्या. वेल्लोरला विकसित झालेला हा प्रकार कुष्ठकार्यात सगळीकडे पसरला. त्या रबरामुळे भार तळव्यावर सारखा वाटला जातो. टाचदुखीवाल्याला डॉक्टर मऊ चप्पल सांगतात त्यामागेही हाच विचार असतो.

आसपासच्या गावांत बाबा आठवड्याची कुष्ठरोग केंद्रं चालवत. त्या काळी चंद्रपूरच्या या भागात रस्ते कमी आणि जंगल जास्त. रुग्ण लपून राहत, घरचेही लपवत. चट्टा दिसत असे, पण तो दुखत नाही, खाजत नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं? टाच दुखणारा माणूस आपणहून येतो. न दुखणाऱ्याला शोधत जावं लागतं. आनंदवनात पिकलेली भाजी सुरुवातीला वरोऱ्यात कुणी घेईना, यावरून भीती किती खोल होती ते कळतं. पन्नासच्या दशकात परदेशांतून तरुण स्वयंसेवक इमारती बांधायला आले, रुग्णांबरोबर जेवले, आणि ते पाहून गावकऱ्यांचा बांध हळूहळू फुटला.

काम वाढत गेलं. मूल तालुक्यात सोमनाथ उभं राहिलं. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांनी माडिया गोंडांसाठी सुरुवातीला झाडाखालीच दवाखाना मांडला. वीज नाही, पावसाळ्यात वाट बंद. आनंदवनाची घडी पुढे डॉ. विकास आणि डॉ. भारती यांनी सांभाळली.

तोवर बाबांची स्वतःची पाठ गेली होती. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची झीज इतकी झाली, की बसणं जवळजवळ अशक्य झालं. उभं राहायचं नाही तर आडवं पडायचं, दोनच पर्याय. आयुष्याची मधली नि शेवटची कित्येक वर्षं बाबांनी अशी काढली. पाहुण्यांशी बोलणं आडवं पडून, प्रवास गाडीत खाट टाकून. ज्यांच्या वेदना गेल्या होत्या अशा माणसांत राहणाऱ्या या माणसाच्या वाट्याला न संपणारी वेदना आली. झिजलेला मणका सुईने पूर्ववत होत नाही. सूज असेल तर ती उतरते, झीज तशीच राहते. टाचेतल्या इंजेक्शनचंही तसंच आहे : दुखणं उतरतं, पण चालण्याचा भार, चुकीची चप्पल आणि वाढलेलं वजन जागच्या जागीच असतं.

अशा पाठीने 24 डिसेंबर 1985 ला, एकाहत्तराव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, बाबा भारत जोडो अभियान घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर. अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास. 1988 मध्ये पूर्वेकडून, इटानगरपासून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत, दुसरी फेरी झाली. 1985 मध्येच मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. 1990 मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, धरणात बुडणाऱ्यांच्या बाजूने उभे राहायला. त्या भूमिकेवरून त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली.

या काळात रोगावरचा इलाजही बदलला. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनात, म्हणून 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. आज सहा किंवा बारा महिन्यांत, गोळ्यांनी, सरकारी दवाखान्यात फुकट हा रोग बरा होतो. कुष्ठरोगासाठी आठवड्याची सुई इतिहासजमा झाली. नसेला अचानक सूज आली तर मात्र वेळेत प्रेडनिसोलोन द्यावं लागतं. तेही स्टेरॉइडच, टाचेत टोचतात त्याच कुळातलं, फक्त इथे ते दुखणं घालवण्यापेक्षा वेदना कळण्याची शक्ती वाचवायला देतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण अजूनही सापडतात. तपासणी साधी असते : रुग्णाने डोळे मिटायचे, आरोग्य कर्मचाऱ्याने बॉलपेनचं टोक तळव्याला हलकेच लावायचं, आणि रुग्णाने ते कुठे लागलं ते बोटाने दाखवायचं.

बाबा शेवटी आनंदवनात परतले. 2007 मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि 9 फेब्रुवारी 2008 ला ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना आनंदवनाच्या मातीत पुरलं. साधनाताई 2011 च्या जुलैमध्ये गेल्या.