वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया



१७ सप्टेंबरला आपण हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांचे स्मरण करतो. ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. दुसऱ्या शतकात अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस व स्मिर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना रोमन सत्तेने मृत्युदंड दिला. पॉलिकार्प अटकेपूर्वी गावाबाहेर शेतावर जाऊन राहिले होते. मरण शोधत जाऊ नये, पण समोर आलेच तर सत्य सोडू नये, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे. आपल्या वसईच्या एका सुपुत्राने असेच जगून दाखवले.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंकडे ते शिकले आणि किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की, लहानथोर त्यांचे बोलणे ऐकायला जमत. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, पैसा मिळवला. पुढे मनिला येथे तो सोडून ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले.

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. सत्ताधीश हिदेयोशी यांच्यासमोर तेच बोलत. क्योतो येथे या संघाने कुष्ठरोग्यांची सेवा केली. परंतु १५९६ च्या अखेरीस हिदेयोशींची मर्जी फिरली. २६ जणांना पकडून, बहुतेकांच्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांत बहुसंख्य जपानी होते. १२ वर्षांचा लुईस इबाराकीही होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सर्वांना क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये गोन्सालो संत घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

विद्यार्थी मित्रांनो, कुकटपल्लीत आपण घरी मराठी, बाजारात तेलुगू, वर्गात हिंदी-इंग्रजी बोलतो. परकी भाषा शिकून गोन्सालो व्यापारात सुखाने राहू शकले असते. त्यांनी ती दुसऱ्यांसाठी वापरली, आणि ज्यांच्या वतीने बोलले त्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही. धर्म कोणताही असो, दिलेला शब्द पाळण्याचे हे धैर्य आपल्या मुलांत यावे, अशी आम्ही मनापासून प्रार्थना करतो.