कर्व्यांच्या सूनबाई जर्मनीला जातात

हल्ली आपल्या पिंपरी-चिंचवडात पुष्कळ घरांतून मुलेमुली परदेशी शिकायला जातात. मुलगी जाणार म्हटले की हळदीकुंकवाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. एवढ्या लांब मुलीला कशाला धाडायचे, आणि कर्ज कसे फिटायचे? जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मोठ्या सुधारकाच्या घरातही असाच पेच पडला होता. त्या घरच्या सूनबाई म्हणजे कै. डॉ. इरावतीबाई कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरूनच मुलीचे नाव ठेवले. सात वर्षांची झाली तेव्हा तिला पुण्याला हुजूरपागेत ठेवले. आईबाप समुद्रापलीकडे आणि सात वर्षांचे लेकरू वसतिगृहात! आपल्याच्याने झाले नसते. पण तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि तिच्या आईने इरावतीला आपल्याच घरी लेकीसारखे ठेवून घेतले. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, केंब्रिजला गणितात पहिले आलेले. तेव्हा विलायतेत जाऊन शिकणे ही गोष्ट इरावतीला लहानपणापासून नवलाची राहिली नसावी.

फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे मुंबईस डॉ. घुर्यांच्या हाताखाली १९२८ साली एम. ए. झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत लाइपझिगला शिकून आलेले. आपल्या पत्नीनेही तिकडे जाऊन डॉक्टरेट करावी असे त्यांना वाटले.

महर्षींना मात्र ते पसंत पडले नाही. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्यांनीच सुनेच्या परदेशगमनाला विरोध केला. वाचून नवल वाटते. पण बाहेरच्या शेकडो मुलींसाठी झटणे निराळे आणि घरातली सून सातासमुद्रापार धाडणे निराळे. हे घरोघरी चालते. महर्षींचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, आणि पतिपत्नीचा निश्चयही त्याने ढळला नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढले आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तिथे मानववंशशास्त्राची एक नावाजलेली संस्था होती. प्राध्यापक ऑयगेन फिशर तिचे प्रमुख. मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक युरोपातील गोऱ्या लोकांत अधिक असतो, आणि त्यांची बुद्धी श्रेष्ठ असण्याचे कारण तेच, असे फिशरसाहेबांचे मत होते. ते सिद्ध करण्याचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या होत्या, आफ्रिकेतल्याही होत्या. मोजून पाहता फरक सगळ्यांतच निघाला. गोऱ्यांचा निराळा आणि काळ्यांचा निराळा असे काही दिसेना. आता काय करावे? परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनाविरुद्ध आलेल्या, आणि पदवी देणार तेच फिशरसाहेब. त्यांना हवे तसे चार शब्द लिहून दिले असते तर इकडे पुण्यात कोणाला कळणार होते? पण इरावतीबाईंनी मोजमापात जे निघाले तेच लिहिले. पदवी हातची जाण्याचा धोका होता, तरी ती मिळाली. त्यांचा प्रबंध १९३१ साली छापला गेला. दोनच वर्षांनी जर्मनीत हिटलरचे राज्य आले आणि फिशरसाहेबांच्या असल्या मतांचा आधार घेऊन माणसांचे काय हाल झाले, ते साऱ्या जगाने पाहिले.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्यांनी नोकरी कुठे करावी? सासऱ्यांनीच काढलेल्या महिला विद्यापीठाच्या कारभारात! घरातला तिढा असा सुटलेला पाहून बरे वाटते. पुढे १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुण्यात स्कूटर चालवीत, नवऱ्याला नावाने हाक मारीत, कुंकू-मंगळसूत्र वापरीत नसत. आपल्याला सगळेच पटेल असे नाही, मला स्वतःला कुंकवाचे पटले नाही. तरी त्यांचे ‘परिपूर्ती’ मंडळातल्या प्रत्येकीने वाचावे. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरच्या वाटेने चालल्या होत्या. दिवसभर एकच अभंग म्हणत चालणाऱ्या बायका, पण मुक्कामाला ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. इरावतीबाईंना ते खटकले. त्या दोन्हीकडे जेवल्या. आपणही आकुर्डीच्या मुक्कामाला तुकोबांच्या वारकऱ्यांना भाकरी-पिठले वाढतो, तेव्हा मला त्यांच्या या जेवणाची आठवण होते.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.