सरखेल कान्होजी आंग्रे : गुराबा, गलबते आणि समुद्राची सत्ता

बेळगाव-निपाणीचा परिसर घाटावरचा. येथील वाचकाच्या मनात मराठ्यांचा इतिहास म्हटला की गड, घोडदळ आणि खिंडी उभ्या राहतात. परंतु आंबोलीचा घाट उतरताच जो समुद्र लागतो, त्यावर सुमारे तीस वर्षे एका मराठी पुरुषाचा हुकूम चालला. ते पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. मूळचे हे घराणे संकपाळांचे. पुण्याजवळील आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. मोगलांनी कोकणात मुसंडी मारली त्या बिकट काळात कान्होजींनी सुवर्णदुर्गावर पराक्रम गाजविला. १६९८ मध्ये सिधोजी गुजर निवर्तल्यावर आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

त्यांच्या आरमारात मुख्यतः दोन जातींच्या नौका असत. गुराब ही मोठी. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची आणि साधारणतः दीडशे ते तीनशे टन वजन पेलणारी. तिची नाळ पुढे निमुळती होत गेलेली असे आणि तेथून दोन तोफा थेट समोर मारा करीत. गलबत हलके, फार तर सत्तर टनांचे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर चालणारे. युरोपीय जहाजांची खरी ताकद त्यांच्या बाजूच्या तोफांत होती. म्हणून मराठी नौका शत्रूला पाठीमागून गाठीत, शिडे व डोलकाठ्या निकामी करीत आणि मग हत्यारबंद माणसांनी भरलेली गलबते त्यास भिडत. माघार घ्यावी लागलीच तर उथळ खाड्या त्यांच्या. तेथे मोठ्या जहाजांना शिरकाव नव्हता.

इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. या आरोपाचा विचार नीट केला पाहिजे. पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून कोणाही व्यापाऱ्याला समुद्रात फिरू देत नसत. तो त्यांच्या लेखी कायदा होता. कान्होजींनी तेच केले. आपले दस्तक नसलेले जहाज ते धरीत. म्हणजे वाद लुटीचा नव्हता, या किनाऱ्यावर धनी कोण, याचा होता.

१७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तह केला. तो टिकला नाही. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर इंग्रजांनी चाल केली. प्रत्येक वेळी त्यांना परतावे लागले. १७२१ मध्ये ब्रिटिश राजाच्या आरमारातील चार युद्धनौका, कंपनी आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर हल्ला चढविला. बाजीराव पेशवे मदतीस धावले. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि मोहीम फसली.

या यशामागे एक अवघड निर्णय होता. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यातील कलहात कान्होजी आरंभी ताराबाईंच्या पक्षाचे होते. १७१३ मध्ये त्यांनी शाहूंच्या पेशव्यास, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैदही केले. परंतु बाळाजी विश्वनाथांनी बोलणी केली, तेव्हा १७१४ मध्ये त्यांनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले. पुढे चिकोडी-मनोळीसाठी कोल्हापूर व पेशवाई यांच्यात झालेले तंटे ज्यांना ठाऊक आहेत, त्या आपल्या भागातील वाचकांना या समेटाचे मोल वेगळे सांगावयास नको. सातारा आणि कुलाबा एक झाले नसते, तर १७२१ चा निकाल कदाचित निराळा लागता.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. सेखोजींच्या मृत्यूनंतर संभाजी व मानाजी या भावांत वितुष्ट आले आणि दौलत विभागली गेली. १७५६ मध्ये तर खुद्द पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. जे शत्रूंना चाळीस वर्षांत साधले नाही, ते आपसांतील दुहीने साधले.

स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील नौदल तळास आंग्रे हे नाव दिले. खांदेरीचे नाव एका पाणबुडीने १९६८ पासून १९८९ पर्यंत मिरविले आणि २०१९ मध्ये दाखल झालेल्या कलवरी वर्गातील नव्या पाणबुडीलाही तेच लाभले. गुराबा गेल्या, गलबते गेली. परंतु ज्याला आपला किनारा राखता येतो त्याचाच समुद्र, हा कान्होजींच्या चरित्राचा धडा घाटावरच्या माणसानेही विसरू नये असा आहे.