झटका कुठून सुरू झाला?

फिट आली की अंग थरथरते, हे सर्वांनाच दिसते. थरथर कुठून सुरू झाली, इकडे जॉन हगलिंग्ज जॅक्सन यांनी लक्ष दिले. १८३५ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे जन्मलेले जॅक्सन १८६२मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात रुजू झाले. काहींचा झटका अंगठ्यातून हातात, मग चेहऱ्यात चढे. या क्रमावरून मेंदूतील बिघाडाची जागा ओळखता येते, असे त्यांनी मांडले. पत्नी एलिझाबेथ यांनाही अखेरच्या आजारात असेच झटके आले. १८७६मध्ये त्या वारल्या.

१८८६मध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी एका तरुणाच्या मेंदूतील फिट आणणारा व्रण काढला, तेव्हा जॅक्सन हजर होते. १९११मध्ये त्यांचे निधन झाले.

आज औषधांनी फिट न थांबल्यास काही रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवतात. मेंदूच्या भागांमधील विद्युतसंदेशांचे जाळे संगणकावर तपासून उगमाची जागा शोधली जाते. प्रश्न जॅक्सन यांचाच आहे.

म्हणून फिट आल्यावर कांदा-चप्पल हुंगवू नका. रुग्णाला कुशीवर वळवा आणि आधी कोणता अवयव हलला, ते डॉक्टरांना सांगा.