रेव्हरंड नारायण वामन टिळक : नम्रतेची साधना

अर्वाचीन मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे स्थान केव्हाच निश्चित झाले आहे. केशवसुतांचे समकालीन, बालकवींचे आश्रयदाते आणि फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. अमराठी अभ्यासकाला मात्र त्यांचा परिचय बहुधा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधून होतो. या आत्मचरित्राचा जोसेफिन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये व शांता गोखले यांनी केलेला २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्याने दिल्लीसारख्या ठिकाणी भारतीय साहित्याच्या अभ्यासक्रमांतून टिळक भेटतात ते प्रामुख्याने एक लहरी, उदार, संतापी आणि संसाराच्या दृष्टीने काहीसा अव्यवहारी पती म्हणून. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु त्यांच्यामधला दुवा निसटला, की माणूस हाती लागत नाही. तो दुवा म्हणजे टिळकांची ख्रिस्तनिष्ठा आणि ती रोजच्या जगण्यात उतरविण्याची त्यांची धडपड होय. नम्रता हा त्यांचा पिंड नव्हता. ती त्यांनी आयुष्यभर, अनेकदा पराभूत होत, शिकून घेतली. त्या शिकण्याचा आलेख मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक व काव्यप्रेमी, तर वडील वामनराव कडक आणि कोपिष्ट. आईची भावविवशता आणि वडिलांचा संताप हा दुहेरी वारसा मुलाने उचलला. बालपणीच आई गेली आणि घराशी असलेला त्यांचा धागा तुटला. नाशिकला येऊन त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृतचे अध्ययन केले. पाठांतर, शीघ्रकवित्व आणि वक्तृत्व या तिन्ही गुणांनी ते लहान वयातच उठून दिसू लागले. अशा तरुणाला स्वतःच्या बुद्धीचा अभिमान असणे स्वाभाविक होते, आणि तो त्यांना होता.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे प्रस्थ विलक्षण होते. वडिलांच्या धास्तीने घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई. सासरी याच्या अगदी उलट प्रकार. टिळक एका जागी, एका नोकरीत फार काळ टिकत नसत. शिक्षकी, पुराणकथन, संपादन अशी कामे करीत ते गावोगाव फिरले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी केले आणि 'ऋषी' नावाचे मासिकही चालविले. या काळात त्यांच्या मनात धर्मविषयक मंथन सुरू झालेले दिसते. जातिभेद आणि कर्मकांड यांनी देशाचा प्राण कोंडला आहे, त्याला नव्या धर्माची गरज आहे, आणि तो धर्म आपणच सांगावा, अशी त्यांची धारणा होत चालली होती. धर्मसंस्थापकाची ही महत्त्वाकांक्षा ध्यानात घेतल्याखेरीज पुढच्या घटनेचे मर्म कळत नाही.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. दोघांत संस्कृत काव्यापासून धर्मापर्यंत गप्पा झाल्या आणि निरोप घेताना वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. दिलेल्या शब्दाला जागून टिळकांनी ती वाचली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. दीनांना धन्य म्हणणारा आणि शत्रूवर प्रेम करावयास सांगणारा तो उपदेश स्वतः धर्म स्थापू पाहणाऱ्या या मनुष्याला एकदम शिष्याच्या जागी बसविणारा होता. पुढील दोन वर्षे त्यांनी वाचन, पत्रव्यवहार आणि प्रार्थना यांत घालविली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्रकाराने एक गोष्ट झाकू नये. पत्नीला विश्वासात घेऊन हे पाऊल उचलले गेले नव्हते. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा दत्तू, नातेवाइकांचा आक्रोश आणि समाजाचे बोलणे हे सारे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. त्यांतला बराच काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढला. सत्यासाठी सर्वस्व सोडले असे टिळकांना वाटले असेल, पण त्या सर्वस्वात दुसऱ्या एका व्यक्तीचे आयुष्यही होते आणि तिला कोणी विचारले नव्हते. सत्यनिष्ठेतही अहंकार दडून राहू शकतो, याची जाणीव टिळकांना पुढे झाली असावी. तसे म्हणण्यास त्यांचे नंतरचे वर्तन आधार देते.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) आले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या तेव्हा त्यांनी आपला धर्म, आपले सोवळे आणि आपली चूल सोडलेली नव्हती. टिळकांनी त्यांना वेगळे बिऱ्हाड करून दिले. त्यांच्या हातचे पाणीही पत्नीला चालत नव्हते, आणि त्यांनी तिला आग्रह केला नाही. ज्याच्या वाणीने सभा डोलत, ज्याच्या रागाला घरदार भीत असे, तो मनुष्य एका स्त्रीच्या मनाचा कौल येईपर्यंत थांबून राहिला. पुढे राहुरीच्या वास्तव्यात लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार करून जातिभेद ही माणसाची निर्मिती आहे असा निर्णय घेतला, आणि १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यांचे परिवर्तन पतीच्या उपदेशाने घडले असे म्हणण्यापेक्षा त्याच्या थांबण्याने घडले असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. टिळकांच्या चरित्रातील नम्रतेचा पहिला खरा धडा आपल्याला येथे सापडतो. तो देवालयात किंवा व्यासपीठावर नसून दोन चुलींच्या संसारात आहे.

नगरच्या त्यांच्या घरात माणसांचा राबता असे. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेला तो काळ होता. पोरकी मुले, विद्यार्थी, वाटसरू, धर्मांतरामुळे घर तुटलेले तरुण अशा सर्वांना त्या घरी जागा मिळे. बाजारासाठी दिलेले पैसे वाटेतच गरजूच्या हाती पडल्याचे प्रसंग 'स्मृतिचित्रे'त ठिकठिकाणी आहेत. लक्ष्मीबाईंनी ते हसत सांगितले असले, तरी रिकाम्या डब्यांचा हिशेब त्यांनाच जुळवावा लागला, हेही त्या हसण्याआडून कळते. टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंची काटकसर ही एकाच सेवेची दोन अंगे होती. पहिल्याचे कौतुक जगाने केले. दुसरे जगाला कळले ते केवळ लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती धरली म्हणून.

बालकवी ठोंबरे यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या कोवळ्या मुलाची प्रतिभा टिळकांनी हेरली आणि पुढे त्याला नगरला आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मुलासारखी माया केली. तो त्या घरात राहिला, वाढला, कविता लिहू लागला, आणि हिंदूच राहिला. धर्मप्रसारासाठी आयुष्य वाहिलेल्या मनुष्याने आपल्या छपराखालच्या मुलाच्या मनावर कसलेही दडपण आणले नाही, ही गोष्ट लहान नाही. त्याचबरोबर त्याच्या कवितेत आपल्यापेक्षा वेगळे व अधिक कोवळे असे काही आहे, हे ज्येष्ठ कवीने मोकळेपणाने ओळखले होते. कवीच्या बाबतीत नम्रतेची याहून अवघड कसोटी क्वचितच असेल.

टिळकांच्या नम्रतेला दुसरीही एक बाजू होती, आणि ती समजून न घेतल्यास तिचे रूपांतर दैन्यात होण्याचा धोका आहे. परदेशी मिशनरी आणि एतद्देशीय ख्रिस्ती यांच्यातील दाता-याचक हे नाते त्यांना सलत असे. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हे त्यांनी आपल्या नावातून, वेषातून आणि भाषेतून दाखविले. मराठी मंडळ्यांत तोवर बरीचशी उपासना पाश्चात्त्य गीतांच्या अनुवादांवर आणि पाश्चात्त्य चालींवर चाले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी वळणाच्या रचनांची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. अभंग, ओवी आणि पदे यांच्या रूपाने त्यांनी शेकडो उपासनागीते रचली व ती आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गाइली जातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भावना होती. वारकरी संतांचे लीनत्व आणि शुभवर्तमानातील दीनत्व यांची सांगड त्यांच्या 'अभंगांजली'त पडलेली दिसते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९०९ मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले, परंतु साधारण अकरा अध्यायांपलीकडे ते जाऊ शकले नाही.

याच सुमारास दिल्लीत ख्रिस्ती नम्रतेचा एक वेगळा प्रयोग चालला होता. १९०४ मध्ये केंब्रिज मिशनतर्फे सेंट स्टीफन्स महाविद्यालयात आलेले चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांनी, प्राचार्यपद एका इंग्रजाकडेच असावे हा संकेत मोडून ते सुशीलकुमार रुद्र यांना मिळावे असा आग्रह धरला, आणि १९०६ मध्ये रुद्र त्या महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. १९१४ मध्ये अँड्र्यूज यांनी मिशनही सोडले आणि शांतिनिकेतनची वाट धरली. सत्ताधारी वंशातील मनुष्याने आपली जागा सोडणे ही नम्रतेची एक रीत झाली. टिळकांसमोरचा प्रश्न मात्र उलट बाजूने आलेला होता. ज्याच्याजवळ सोडण्यासारखी सत्ता नाही, आश्रिताचे वेतन तेवढे आहे, त्याने नम्र राहावे कसे आणि लाचार न व्हावे कसे?

टिळकांनी याचे उत्तर सप्टेंबर १९१७ मध्ये दिले. त्यांनी मिशनचे वेतन आणि नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा, बाप्तिस्मा घेतलेल्यांचा तसाच न घेतलेल्यांचाही, हा बंधुसंघ होता. चर्चची तटबंदी ओलांडून भारतीय मनाला आपल्या वाटेने ख्रिस्तापाशी येता यावे, हा त्यामागील हेतू. मिशनमधील अनेकांना ही कल्पना रुचली नाही, तरी टिळकांनी जुन्या सहकाऱ्यांशी वैर धरले नाही. स्वातंत्र्य घेताना कटुता टाळणे, हे तरुणपणीच्या टिळकांना साधले नसते. संन्यास हाही संसाराचा भार दुसऱ्यावर टाकण्याचाच एक प्रकार नव्हता काय, असा प्रश्न येथे विचारता येईल. तो अनाठायी नाही. मात्र १८९५ चा वियोग येथे पुन्हा घडला नाही, हा फरक नोंदविला पाहिजे. या वेळी कुटुंबाशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही आणि लक्ष्मीबाई त्यांच्या कार्याच्या बाहेर राहिल्या नाहीत.

दरबाराला दोन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. ख्रिस्ती म्हणून जगलेल्या या माणसाने आपल्या देशाच्या रीतीने अग्नी मागितला. कोणालाही न दुखविता आपले म्हणणे सांगण्याची ही त्यांची शेवटची संधी होती.

संस्थेच्या मापाने पाहिले तर टिळकांच्या पदरी यश थोडे पडले. दरबार विरला, महाकाव्य अपुरे राहिले. पण जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघामागे टिळकांची प्रेरणा होती, आणि त्यांचे इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. 'ख्रिस्तायन' पूर्णत्वास नेले ते लक्ष्मीबाईंनी. लग्नाच्या वेळी निरक्षर असलेल्या, पतीच्या लहरीप्रमाणे अक्षरे गिरविलेल्या या स्त्रीने चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्यावर शेवटचा, शहात्तरावा अध्याय पुत्र देवदत्तांनी रचला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका घरातील तीन व्यक्तींनी मिळून पूर्ण केलेला हा ग्रंथ टिळकांच्या जीवनाचे यथार्थ स्मारक वाटतो. नवा धर्म सांगू निघालेल्या तरुणाच्या कल्पनेत त्याचा ग्रंथ त्याच्या एकट्याचाच असता. प्रत्यक्षात तो अपुरा ठेवून त्यांना जावे लागले, आणि ज्या व्यक्तीला त्यांनी एकदा न विचारता मागे सोडले होते, तिच्याच हातून तो पुरा झाला.